वृद्धाश्रमातील गट-उपक्रमांची आखणी : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

वृद्धाश्रमात किंवा ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रात उपक्रमांची जबाबदारी अंगावर आली, की बहुतेक नवे कार्यकर्ते आधी कार्यक्रमांची यादी करू लागतात. भजनी मंडळ बोलवावे, एखाद्या हौशी गायकाचा ऑर्केस्ट्रा ठेवावा, महिन्याचे वाढदिवस एकत्र साजरे करावेत, असे काहीतरी त्या यादीत असते. यात वाईट काहीच नाही. पण या सगळ्यांत आजी-आजोबा समोर बसून टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम दुसरेच कोणी करतात. ज्यांना चहा हातात मिळतो, गोळ्या हातात मिळतात आणि आंघोळीची वेळसुद्धा दुसऱ्याच्या सोयीने ठरते, त्यांच्या दिवसात आणखी एक तास आयता वाढल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून आखणी करताना एकच कसोटी लावावी : गटात बसलेल्या प्रत्येकाच्या हाताला, आवाजाला किंवा मताला येथे काही काम आहे का? पुढील सर्व सूचना या कसोटीला धरून आहेत.

पहिली पायरी : माणसे समजून घेणे

पहिले दोन आठवडे एकही उपक्रम घेऊ नये. त्या काळात प्रत्येकाजवळ पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो त्यांच्याच पलंगापाशी किंवा व्हरांड्यात बसून बोलावे. ‘तुमचे छंद कोणते?’ हा प्रश्न बहुधा वाया जातो, कारण ‘आमच्या वेळी कसले आलेत छंद’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी कामाला कोणत्या वाटेने जात होता, पाहुणे आले की घरी काय रांधले जाई, गल्लीत कोणते खेळ चालत, गणपतीच्या दिवसांत तुमच्याकडे कोणते काम असे, असे विचारावे. यातून जे कळते ते अर्जावरच्या माहितीत कधीच नसते. जन्मभर एस.टी.त कंडक्टर म्हणून काम केलेल्या गृहस्थांना हाउजीचे आकडे पुकारायला दिले तर त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तेच गृहस्थ चित्र रंगवायला बसवले तर दहा मिनिटांत उठून जातात.

हाक कशी मारावी, हेही याच भेटीत विचारून घ्यावे. सरसकट ‘आजी’ म्हणणे सर्वांना आवडत नाही. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईंना ‘बाई’च म्हणावे, निवृत्त प्राध्यापकांना ‘सर’, आणि ज्यांना ‘काकू’ किंवा ‘अण्णा’ जवळचे वाटते त्यांना तसे. एकेरी हाक, ती कितीही प्रेमाने मारलेली असो, त्यांनी स्वतः होऊन सांगितल्याशिवाय मारू नये.

प्रत्येकासाठी एक कार्ड करावे. कोणत्या कानाने नीट ऐकू येते, चष्मा जवळचा की लांबचा, पक्षाघातानंतर कोणता हात चालतो, काठी लागते की वॉकर, मधुमेह आहे का, गिळताना ठसका लागतो का, आणि कोणता विषय काढायचा नाही, एवढ्या गोष्टी त्यावर असाव्यात. वैद्यकीय नोंदी परिचारिकेकडून खात्री करून घ्याव्यात, कारण ‘मला काही होत नाही’ हे आजोबांचे विधान येथे प्रमाण मानता येत नाही. मातृभाषेचीही नोंद करावी. मुंबई-पुण्याच्या आश्रमांत गुजराती, कानडी, कोकणी बोलणारी माणसे असतातच, आणि स्मृतिभ्रंश वाढू लागला की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा मागे पडून लहानपणीची भाषा वर येते. ही कार्डे कपाटात कुलपात ठेवावीत. टेबलावर उघडी पडलेली कार्डे पाहुणे वाचतात.

या गप्पांत कधीकधी मारहाणीची, पैसे काढून घेतल्याची किंवा घर लिहून घेतल्याची हकिगत बाहेर येते. अशा वेळी सल्ले देत बसू नये. ऐकून घ्यावे, त्यांच्या संमतीने व्यवस्थापनाला सांगावे आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी त्यांना माहीत करून द्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, एवढे आपल्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

दुसरी पायरी : वेळ आणि जागा

आश्रमाचे घड्याळ आपण बदलू शकत नाही, म्हणून त्यातली मोकळी जागा शोधावी. साधारणपणे सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा आणि दुपारच्या चहानंतर साडेचार ते सव्वापाच या दोन वेळा उपयोगी पडतात. अनेकांना सकाळी लघवी होण्याची गोळी असते, तेव्हा नाश्ता संपताच गट बसवला तर अर्धे लोक उठबस करत राहतात. सत्राआधी सर्वांना एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणावे. इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण कोणत्याही कारणाने लांबू देऊ नये, मग गाण्याच्या भेंड्या कितीही रंगात आलेल्या असोत. स्मृतिभ्रंश असलेली काही माणसे दिवे लागायच्या सुमारास बेचैन होतात; त्यांचा गट सकाळचाच ठेवावा.

जागेच्या बाबतीत बहुतेक चुका खुर्च्यांत होतात. शाळेसारख्या रांगा लावल्या की मागचे झोपतात. आठ ते बारा माणसे घोड्याच्या नालाच्या आकारात बसवावीत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. खुर्चीला हात असावेत, कारण उठताना आधार तोच असतो. बिनहातांच्या हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर सरकतात. चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावला आहे हे बोलून नव्हे, पाहून खात्री करावी. आपण खिडकीकडे पाठ करून उभे राहिलो तर आपला चेहरा अंधारात जातो आणि ओठ वाचून समजून घेणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसावे. टीव्ही बंद करावा आणि खडखडणारा पंखा शक्य असल्यास कमी करावा. वयानुसार कमी होणाऱ्या श्रवणशक्तीत आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे ओरडून आवाज चिरका करण्यापेक्षा खालच्या पट्टीत, सावकाश आणि शब्द सुटे करून बोलणे जास्त पोहोचते.

तिसरी पायरी : उपक्रम निवडणे

आठवड्याला तीन सत्रे पुरेत. रोजचा उपक्रम पहिल्याच महिन्यात जाहीर करून पुढे बंद पडण्यापेक्षा ठरलेले तीन वार न चुकता पाळणे चांगले, कारण ‘आज मंगळवार, आज आपले वाती वळणे’ असे लोकांच्या तोंडी बसले की गट स्वतःच जमू लागतो. तीनपैकी एक सत्र हाताच्या कामाचे, एक शरीराच्या हालचालीचे आणि एक बोलण्याचे किंवा गाण्याचे असावे.

हाताच्या कामापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. वाती वळणे हे त्याचे उत्तम उदाहरण. टेबलावर गडद रंगाचा कपडा अंथरावा म्हणजे पांढरा कापूस कमजोर नजरेलाही दिसतो. प्रत्येकापुढे एका ताटलीत कापूस आणि वाटीत थोडेसे दूध ठेवावे. ज्यांची बोटे अजून चपळ आहेत त्या कापूस विंचरून, चिमटीने ओढून फुलवाती करतात आणि दुधाच्या बोटाने वरचे टोक पिळतात. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर फुलवात जमत नाही, पण दोन्ही तळव्यांत घोळवून समईची लांब वात वळता येते. एकच हात चालत असेल तर मांडीवर किंवा टेबलावर तळव्याखाली वात फिरवता येते. ज्यांना यातले काहीच होत नाही, त्यांनी वळलेल्या वाती मोजून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या किंवा डब्यावर नाव घालायचे. पुरुष सुरुवातीला ‘हे बायकांचे काम’ म्हणून लांब बसतात. त्यांना मोजणी आणि हिशोब दिला की टेबलाजवळ येतात, आणि मग काही जण गुपचूप वळूनही पाहतात. या वाती जवळच्या देवळात किंवा आश्रमाच्या देवघरात प्रत्यक्ष वापरल्या गेल्या पाहिजेत. एका दिवशी वळलेले दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसले, तर तो गट पुन्हा बसत नाही.

याच पद्धतीने स्वयंपाकघराला विचारून मटार सोलणे, मेथी निवडणे, लसूण सोलणे ही कामे घेता येतात. स्वयंपाकाच्या मावशींना ती आधी अडचण वाटते, कारण सोललेला मटार वेळेवर हाती येईल याचा त्यांना भरवसा नसतो. म्हणून आजच्या भाजीसाठी नव्हे, उद्याच्या भाजीसाठी काम मागावे. ‘आजच्या उसळीतला मटार तुमच्या हातचा’ असे जेवताना वाढणाऱ्याने सांगितले, की टेबलावर मिठाची चर्चा सुरू होते. ती होऊ द्यावी.

हालचालीचे सत्र खुर्चीवर बसूनच घ्यावे. टाच आणि चवडा आलटून पालटून उचलणे, एकेक गुडघा सरळ करणे, खांदे गोल फिरवणे, मुठी मिटणे-उघडणे यांपासून सुरुवात करून शेवटी गटात फुगा टोलवायला द्यावा. फुगा सावकाश येतो, लागत नाही, आणि एरवी हात वर न करणारी माणसे तो पाहून हात वर करतात. फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर यांना विचारल्याशिवाय कोणालाही नवा व्यायाम देऊ नये. श्वास रोखून धरणे आणि कपालभाती गटात घेऊच नये, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांना डोके खाली वाकवायला लावू नये. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबावे. सत्र संपल्यावर एकदम उभे करू नये. दोन मिनिटे पाय हलवत बसवावे, नंतर उठवावे, कारण अचानक उठल्यावर रक्तदाब उतरून पडण्याचा धोका असतो.

खेळांबद्दल थोडक्यात. पत्त्यांत झब्बू आणि बदाम सात बहुतेकांना येतात. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासमोर कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या केसांत पत्ते खोचता येतात. कॅरमचा बोर्ड टेबलावर ठेवावा आणि पावडर जमिनीवर सांडली तर लगेच पुसावी. हाउजीची तिकिटे मोठ्या अक्षरांत घरीच करावीत आणि आकडे झाकायला बटणांऐवजी भाजलेले फुटाणे द्यावेत, कारण स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती हाताला लागेल ते तोंडात घालू शकते. गिळण्याचा त्रास असलेल्यांना मात्र फुटाणेही न देता पेन्सिलीने खूण करायला सांगावे.

आठवणींचे सत्र

हे सत्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी अधिक ठळक राहतात, हे मानसशास्त्रातले चांगले तपासलेले निरीक्षण आहे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांसाठी हा काळ म्हणजे ढोबळमानाने १९५५ ते १९७५. म्हणून विषय त्या वीस वर्षांतून घ्यावेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होतात, पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, मग त्या पाव पैशाचे दुकानदार काय करीत असे? एवढा एक प्रश्न टाकला आणि जुने नाणे हातोहात फिरवले, तर अर्धा तास आपल्याला बोलावे लागत नाही. १ मे १९६० ला आपण कोठे होता, गावात वीज कधी आली, मुंबईत १९७२ मध्ये दूरदर्शन सुरू झाल्यावर कोणाच्या घरी जाऊन टीव्ही पाहिला, हे विषयही चालतात.

वस्तू हातात असली तर बोलणे लवकर सुटते. अडकित्ता, पितळी तांब्या, लाकडी रवी, दौत आणि टाक, पाटी, प्रायमसची पिन अशा दहा-बारा वस्तूंची एक पेटी जमवावी. वस्तू दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारू नये. ती परीक्षा होते. ‘हे तुमच्याकडे कोण वापरायचे?’ असे विचारावे.

काही विषय आपण होऊन काढू नयेत. पुण्याच्या आश्रमात १९६१ चा पानशेतचा पूर, कराड-पाटणकडच्या माणसांत १९६७ चा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यातल्या माणसांत बहात्तरचा दुष्काळ आणि त्या काळात खावी लागलेली मिलो ज्वारी आणि सुकडी, हे निघतातच. निघाले तर अडवू नये, घाईने हसरा विषय आणू नये. ज्यांनी त्या दुष्काळात कामावर खडी फोडली त्यांना ते सांगायचे असते. मात्र रडू आवरेनासे झाले तर सहकाऱ्याने त्यांना हळूच बाजूला घेऊन पाणी द्यावे आणि सत्र संपल्यावर आपण पुन्हा जाऊन भेटावे.

चौथी पायरी : प्रत्यक्ष सत्र

एकट्याने गट घेऊ नये. एक जण सत्र चालवतो, दुसरा पाहतो : कोण डुलक्या घेतो आहे, कोणाचे श्रवणयंत्र शिट्टी देते आहे, कोणाला उठायचे आहे. एका सत्राला पाऊण तासाची मर्यादा पुरेशी आहे. आरंभ रोज सारखाच असावा, म्हणजे प्रत्येकाचे नाव घेऊन नमस्कार आणि मग एखादी म्हण अर्धी सांगून गटाकडून पुरी करून घेणे. ‘अडला हरी’ म्हटल्यावर, एरवी दिवसभर न बोलणारी व्यक्तीसुद्धा ‘गाढवाचे पाय धरी’ म्हणून जाते.

प्रत्येक गटात एक बोलका गृहस्थ असतो, जो सर्वांच्या वतीने उत्तरे देतो. त्याला गप्प करू नये; फळ्यावर लिहिण्याचे किंवा वेळ पाहण्याचे काम द्यावे. न बोलणाऱ्यांना सर्वांसमोर ‘आजी, तुम्ही काहीच बोलला नाहीत’ असे म्हणू नये. नुसते येऊन बसणे हाही सहभाग आहे आणि त्यावर समाधान मानता आले पाहिजे. कोणी यायला नकार दिला तर तो एकदाच, हसून स्वीकारावा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावे. हाताला धरून आणलेला माणूस गटात बसतो, पण त्याचे मन खोलीतच राहते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गट वेगळा आणि पाच-सहा जणांचाच असावा. इंग्लंडमध्ये अशा सौम्य ते मध्यम अवस्थेतील व्यक्तींसाठी बोधात्मक उत्तेजनाची, म्हणजे गटात बसून विचारांना, स्मरणाला आणि बोलण्याला चालना देण्याची, एक पद्धत विकसित झाली आहे. तिच्यात आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, अशी चौदा सत्रे घेतात. तिचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे हे उत्तम, पण तिच्यातले एक तत्त्व कोणालाही लगेच वापरता येते : माहिती विचारू नये, मत विचारावे. ‘आज कोणता वार?’ याचे उत्तर चुकू शकते. ‘पुरणपोळी दुधाशी चांगली की तुपाशी?’ याचे चुकत नाही. वार आणि ऋतू फळ्यावर मोठ्या अक्षरांत आधीच लिहून ठेवावेत.

सण, खाणे आणि पाहुणे

संक्रांतीचे हळदीकुंकू ही नव्या कार्यकर्त्यांची हमखास अडचण. आश्रमातल्या बऱ्याच स्त्रिया विधवा असतात आणि जुन्या रीतीने केलेला समारंभ त्यांना बाजूला बसवतो. त्यावर आपल्या मनाने सुधारणा लादणेही तितकेच चुकीचे, कारण काहींना स्वतःलाच कुंकू लावून घ्यायचे नसते. आठ दिवस आधी स्त्रियांनाच विचारावे. तिळगूळ आणि वाण सर्वांना, कुंकू ज्यांना हवे त्यांना, ही वाट बहुतेक ठिकाणी मान्य होते. उखाण्यांचाही असाच विचार करावा. ते आग्रहाने घ्यायला लावू नयेत. इतर धर्मांचे रहिवासी असतील तर ईद आणि नाताळ त्यांच्याच सल्ल्याने करावेत. रांगोळी जमिनीवर न काढता टेबलावरच्या पाटावर काढावी.

खाण्याचा पदार्थ असला की कार्डे पुन्हा पाहावीत. तिळाची कडक वडी, शेंगदाण्याची चिक्की, कोरडा चिवडा हे पदार्थ पक्षाघात किंवा पार्किन्सन असलेल्यांच्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी मऊ पदार्थ वेगळा ठेवावा आणि त्यांना बसवूनच खाऊ घालावे. पितृपक्षात दात्यांकडून गोडाधोडाचे जेवण जवळजवळ रोज येते. त्या पंधरवड्यात दुपारचे सत्र हलके ठेवावे आणि मधुमेहींच्या ताटाविषयी परिचारिकेशी आधीच बोलून घ्यावे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन; संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये तो ठरवला. त्या आठवड्यात आणि दिवाळीत महाविद्यालये, मंडळे, कंपन्या एकाच वेळी फळांच्या करंड्या घेऊन येतात, फोटो काढतात आणि पुढे फाल्गुनापर्यंत कोणी फिरकत नाही. अशा गटांना तारीख आपण द्यावी, आणि कामही आपणच द्यावे. विद्यार्थ्यांनी नाच करून दाखवण्यापेक्षा आजींकडून सागरगोटे शिकावेत, आजोबांकडून पत्राचा मसुदा लिहून घ्यावा. फोटो संमतीशिवाय काढू देऊ नयेत. नातेवाइकांना न सांगता आश्रमात राहायला आलेली माणसेही असतात.

गटातील मृत्यू

हे होणारच आहे, म्हणून आधीच ठरवून ठेवावे. ‘गावाला गेले’ असे सांगू नये. सर्वांना खरे आधीच कळलेले असते आणि आपण लपवतो आहोत हेही कळते. पुढच्या सत्राच्या आरंभी नाव घेऊन सांगावे, ज्यांना बोलायचे असेल त्यांना बोलू द्यावे आणि आज ठरलेले काम करायचे का, हे गटालाच विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘करू या’ असे येते.

नोंदी आणि फेरविचार

प्रत्येक सत्रानंतर पाच ओळी लिहाव्यात : कोण आले, कोण मध्येच उठले, कोणी पहिल्यांदा काही केले, काय कमी पडले, पुढच्या वेळी काय बदलायचे. ‘सर्वांनी आनंद घेतला’ हे वाक्य नोंदवहीत येऊ देऊ नये, त्यातून काहीच कळत नाही. ‘खिडकीजवळच्या काकूंनी प्रथमच डाव्या हाताने फुगा टोलवला’ ही नोंद फिजिओथेरपिस्टच्याही उपयोगाची असते. एरवी नियमित येणारी व्यक्ती लागोपाठ दोनदा आली नाही किंवा एकाएकी गोंधळल्यासारखी वागू लागली, तर ते त्याच दिवशी परिचारिकेला सांगावे. अचानक आलेल्या गोंधळामागे मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा औषधातला बदलही असू शकतो.

दर तीन महिन्यांनी आठवड्याची आखणी रहिवाशांच्या छोट्या बैठकीत मांडावी आणि कोणता उपक्रम बंद करायचा हे आधी विचारावे. नवे काय हवे या प्रश्नाला संकोचाने ‘तुम्ही ठरवाल ते’ असे उत्तर येते. नको काय, हे मात्र बहुतेक जण स्पष्ट सांगतात. त्या जागी काय आणायचे याची चर्चा मग त्यांच्यातच सुरू होते, आणि तिचे टिपण करायला एखाद्या निवृत्त कारकुनाला बसवावे.